नोंद न झालेले शब्द आणि नोंद न झालेल्या भाषा

१८५७ साली लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीने एक लहानशी समिती नेमली. रिचर्ड शेनेव्हिक्स ट्रेंच, हर्बर्ट कोलरिज आणि फ्रेडरिक फर्निव्हल हे तिचे तीन सदस्य. समितीच्या नावाचे मराठी भाषांतर 'नोंद न झालेल्या शब्दांची समिती' असे होईल. तोवरच्या इंग्रजी कोशांत ज्यांना जागा मिळाली नव्हती असे शब्द हुडकून काढावे, एवढेच तिच्याकडे काम होते. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ट्रेंच यांनी सोसायटीपुढे दोन निबंध वाचले आणि प्रचलित कोशांच्या उणिवा एकामागून एक मांडल्या. पुरवणी जोडून हे भागण्यासारखे नाही, कोशच नव्याने रचला पाहिजे, हे त्या चर्चेतून स्पष्ट झाले आणि १८५८ च्या जानेवारीत सोसायटीने तसा ठराव केला. ऑक्सफर्डचा महाकोश म्हणून जो जगद्विख्यात झाला त्याचा उगम या बैठकांत आहे. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती मुंबईत निघाली तीही १८५७ सालीच. पण हा निव्वळ योगायोग.

एकोणतीस वर्षांनंतर, १८८६ साली, व्हिएन्ना येथे प्राच्यविद्यापंडितांची सातवी आंतरराष्ट्रीय परिषद भरली. भारतातील भाषांची पद्धतशीर पाहणी हिंदुस्थान सरकारने हाती घ्यावी, असा ठराव तीत संमत झाला. त्या ठरावाचे फळ म्हणजे जॉर्ज ग्रियर्सन यांचे भाषासर्वेक्षण. १८९४ साली सुरू झालेले हे काम १९२८ साली पुरे झाले आणि १७९ भाषा व ५४४ बोली यांची नोंद त्यात झाली. ऑक्सफर्डचा कोशही १९२८ सालीच पूर्ण झाला. विद्वानांच्या दोन सभांनी आरंभिलेली दोन प्रचंड कामे एकाच वर्षी संपावीत आणि त्यांचा एकमेकांशी फारसा संबंध असल्याचे कोणाच्याही लक्षात येऊ नये, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. १८४२ साली फिलॉलॉजिकल सोसायटी स्थापन झाली तेव्हा भाषांची घडण, त्यांचे नातेसंबंध आणि त्यांचा इतिहास या तिन्ही गोष्टी तिने आपल्या उद्दिष्टांत एकत्र गुंफल्या होत्या. शब्दाचा इतिहास आणि अल्पपरिचित भाषेची नोंद ही तेव्हा एकाच घरची कामे होती. पुढे त्यांच्या चुली वेगळ्या झाल्या. आज इंग्रजीच्या इतिहासाच्या परिषदा निराळ्या भरतात आणि संकटग्रस्त भाषांच्या परिषदा निराळ्या. दोन्हींकडे नियमाने जाणारा अभ्यासक क्वचितच आढळतो. या फारकतीने दोन्ही शास्त्रांचे नुकसान झाले आहे; आणि त्याहून गंभीर गोष्ट ही की, पुरावा कशाला म्हणावे याविषयीची एक चुकीची समजूत तिने पक्की करून टाकली आहे.

ऑक्सफर्ड कोशाची पद्धती थोडक्यात सांगता येते. शब्दाचा अर्थ कोशकाराने स्वतःच्या अधिकारात सांगायचा नाही, तो वापरातून निघू द्यायचा, ही तिची प्रतिज्ञा. ठिकठिकाणच्या स्वयंसेवक वाचकांनी जुनीनवी पुस्तके वाचावी, शब्द आढळला की वाक्य, ग्रंथ आणि साल यांसह तो चिठ्ठीवर उतरून पाठवावा, आणि संपादकाने त्या चिठ्ठ्या कालानुक्रमे लावून शब्दाचे चरित्र सिद्ध करावे. १८७९ साली जेम्स मरे यांनी संपादकपद पत्करले आणि घराशेजारी पत्र्याची एक खोली उभारून तीत या चिठ्ठ्यांचे ढीग लावले. १९२८ साली कोश संपला तेव्हा त्यात ४,१४,८२५ शब्द आणि १८,२७,३०६ अवतरणे होती. कोशरचनेच्या इतिहासात याच्या तोडीचा प्रामाणिकपणा विरळा. संपादकाला काय वाटते यापेक्षा शब्द कोठे, केव्हा, कसा आला याला येथे मान आहे. वाचकापुढे निकालही ठेवलेला आहे आणि साक्षही.

परंतु या प्रामाणिकपणाच्या पोटातच एक मर्यादा आहे. साक्ष म्हणजे लेख, असे येथे गृहीत धरलेले आहे. ज्याला लेख नाही त्याला साल नाही. आणि साल नसेल त्या शब्दाला या पद्धतीत चरित्रच उरत नाही. हा नियम इंग्रजीच्या स्वतःच्या बोलींनाही चुकला नाही. पंधराव्या शतकानंतर केवळ बोलींत राहिलेले शब्द सामान्यतः वगळावेत, असे या कोशाचे धोरण होते. हे धोरण अमलात आणणारे मरे स्वतः स्कॉटलंडच्या सरहद्दीवरचे, आणि दक्षिण स्कॉटलंडच्या बोलीवर १८७३ साली त्यांनीच एक महत्त्वाचा ग्रंथ लिहिला होता! वगळलेल्या शब्दांची सोय जोसेफ राइट यांनी १८९८ ते १९०५ या काळात सहा खंडांचा स्वतंत्र बोलीकोश करून लावली. हे राइट लहानपणी गिरणीत कामाला होते आणि पंधरा वर्षांचे होईपर्यंत त्यांना लिहितावाचता येत नव्हते. पुढे ते ऑक्सफर्डला प्राध्यापक झाले. इंग्रजीला मरे मिळाले तसे राइटही मिळाले, म्हणून तिचे फारसे बिघडले नाही. ज्या भाषांना दोन्ही मिळाले नाहीत त्यांची गोष्ट वेगळी.

ती किती वेगळी आहे हे 'कांगारू' या एका शब्दाच्या कथेवरून कळते. १७७० च्या जून महिन्यात कॅप्टन कुक यांचे एंडेव्हर जहाज ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्याजवळ प्रवाळावर आदळून फुटले. ते दुरुस्त होईपर्यंत खलाशी आणि शास्त्रज्ञ एका नदीच्या मुखाशी काही आठवडे राहिले. तेथे त्यांनी उड्या मारणारा एक अपूर्व प्राणी पाहिला आणि तेथील लोकांना त्याचे नाव विचारले. जोसेफ बँक्स यांनी आणि स्वतः कुक यांनी आपापल्या रोजनिशीत ते लिहून ठेवले. शब्द इंग्लंडात पोचला आणि रूढ झाला. पुढे १८२० साली फिलिप पार्कर किंग त्याच नदीवर गेले, तेव्हा त्यांना त्या प्राण्यासाठी अगदी निराळा शब्द ऐकू आला. 'कांगारू'शी त्याचे काहीच साम्य नव्हते. मग संशय आला. कुक यांची फसगत झाली असावी, विचारलेला प्रश्न त्या माणसाला समजला नसावा आणि 'मला ठाऊक नाही' असे उत्तर त्याने दिले असावे. तेच प्राण्याचे नाव म्हणून उतरून घेतले गेले, अशी दंतकथा निघाली. दीडशे वर्षे ती सुखाने चालली. शाळेतल्या मुलांना ती आवडे आणि मोठ्यांनाही. रानटी माणूस आणि भोळा गोरा प्रवासी या दोघांनाही हसण्याची तीत सोय होती. लिखित पुराव्यावर भिस्त ठेवणाऱ्या कोशाला ही दंतकथा खोडता येणे शक्य नव्हते, कारण त्याच्यापाशी लेख दोनच होते आणि ते परस्परविरोधी होते.

तिचा निकाल लागला तो १९७० नंतर. जॉन हॅविलंड हा तरुण अभ्यासक त्या भागातील गूगू यिमिधिर भाषा बोलणाऱ्या लोकांत राहून ती भाषा शिकला. काळसर करड्या रंगाच्या मोठ्या जातीच्या कांगारूला त्या भाषेत 'गंगुर्रू' म्हणतात, असे त्याला आढळले. म्हणजे बँक्स आणि कुक यांनी ऐकले ते बरोबर होते आणि सांगणाऱ्यानेही बरोबरच सांगितले होते. किंग यांना मिळालेला शब्द खाण्याजोग्या प्राण्यासाठी असलेला सामान्य शब्द असावा, असा त्याचा उलगडा करण्यात आला. हॅविलंड यांनी १९७४ साली कुक यांच्या संपूर्ण शब्दयादीची फेरतपासणी प्रसिद्ध केली. इंग्रजीतल्या एका सुप्रसिद्ध शब्दाची व्युत्पत्ती अशी दोनशे वर्षांनी ठरली, आणि ती ठरविणारा पुरावा कोणत्याही ग्रंथालयात नव्हता. नदीकाठच्या वस्तीतील म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या तोंडी तो होता. ती भाषा मध्यंतरीच्या काळात नाहीशी झाली असती, तर 'मला ठाऊक नाही' हीच व्युत्पत्ती आजही सांगितली जात राहिली असती. शिवाय त्या दोनशे वर्षांत संशय कोणावर घेतला गेला, हेही पाहण्यासारखे आहे. लिहिणाऱ्याच्या कानावर थोडा आणि सांगणाऱ्याच्या समजुतीवर फार.

कांगारूची गोष्ट दूरची वाटेल. परंतु कोकण आणि गोवा येथील स्वयंपाकघरातही असाच प्रकार सापडतो. काजू, अननस आणि बटाटा हे तिन्ही शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांनी आणले आणि तिन्ही मूळचे अमेरिका खंडातले. इंग्रजीनेही हीच फळे आणि हेच कंद याच प्रवासात, थोडे रूप पालटून, उचलले. काजू आणि अननस यांचे मूळ ब्राझीलच्या किनाऱ्यावरच्या तुपी कुळातील भाषांत आहे, हे निश्चयाने सांगता येते, कारण त्या भाषेचे व्याकरण जोसे दि आंशिएता या जेझुइट धर्मोपदेशकाने लिहिले आणि ते १५९५ साली कोइंब्रा येथे छापले गेले. धर्मप्रसाराच्या हेतूने का होईना, भाषा नोंदली गेली. म्हणून शब्दाला घर आहे. बटाट्याचे तसे नाही. तो शब्द कॅरिबियन बेटांवरच्या तायनो लोकांचा. कोलंबसाला प्रथम भेटले ते हेच लोक. त्यांची भाषा स्पॅनिश विजयानंतर थोड्याच पिढ्यांत बुडाली आणि तिचे व्याकरण कोणी लिहून ठेवले नाही. स्पॅनिश बखरींत विखुरलेले शब्द तेवढे उरले. त्यामुळे कोशकार 'तायनो' एवढा शब्द लिहून थांबतो. बटाटा तायनोंचा, एवढेच कळते. त्या शब्दाला त्या भाषेत कोणकोणती भावंडे होती, कोणत्या धातूवरून तो निघाला, हे कळण्याची वाटच बंद झाली. व्युत्पत्तीची खोली एखाद्या लहान भाषेची नोंद जितकी खोल झाली असेल तितकीच असते; कोशकाराच्या विद्वत्तेने ती वाढत नाही.

मराठीकडून इंग्रजीत गेलेल्या शब्दांतही हे दिसते. मुंगूस हा प्राणी सतराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजी प्रवासवर्णनांत आला आणि शेवटी हंसाच्या जातीच्या पक्ष्याचे नाव त्याला शेपटीसारखे चिकटले. आजची इंग्रजी वर्णरचना पाहणाऱ्याला तो पक्षीच वाटावा. इंग्रजी कोश या शब्दाचा माग मराठीपर्यंत आणून सोडतात. परंतु मराठीला तो कोठून मिळाला? संस्कृताच्या नकुलाशी त्याचा संबंध लागत नाही. कन्नड आणि तेलुगू या भाषांत त्याचे सख्खे नातलग आहेत, म्हणून शोध द्राविडी भाषांकडे वळतो. आणि लिहिलेल्या द्राविडी भाषांवर तो थांबून चालत नाही. बरो आणि एमेनो यांचा द्राविडी व्युत्पत्तिकोश १९६१ साली निघाला तेव्हा त्यात तमिळ-तेलुगूच्या बरोबरीने गोंडी, कोलामी, परजी, कुई, तोडा, कोता या भाषांना स्थान होते. तेथे अभिजात भाषेचा शब्द आणि रानातल्या भाषेचा शब्द एकाच परिच्छेदात, एकाच मोलाने बसले आहेत. ऐतिहासिक कोशाला जे साधले नाही ते तौलनिक कोशाने साधले, याचे कारण हेच की त्याने साक्षीदाराला साल विचारले नाही.

या कोशाच्या संक्षेपसूचीत एक मराठी नाव लपलेले आहे, ते मराठी वाचकाने अवश्य ओळखावे. कोलामीसाठी एमेनो यांनी १९३७-३८ च्या सुमारास वर्धा भागात स्वतः काम केले होते आणि त्यावर आधारलेला त्यांचा ग्रंथ १९५५ साली प्रसिद्ध झाला. परंतु कोलामीच्या दुसऱ्या बोलीरूपासाठी त्यांनी आधार घेतला तो सेतुमाधवराव पगडी यांच्या १९५० सालच्या कोलामी व्याकरणाचा. इतिहासकार म्हणून पगडी महाराष्ट्राला परिचित आहेत. हैदराबाद राज्यात अधिकारी असताना त्यांनी कोलामी आणि गोंडी या भाषांची व्याकरणे लिहिली, हे मात्र मराठी साहित्याच्या इतिहासात ओझरतेही येत नाही. शिवकालाच्या पत्रांचा शोध हा इतिहास, आणि कोलामाच्या तोंडच्या क्रियापदांचा शोध ही हौस, असा भेद करणारी दृष्टी आपल्यातही मुरलेली आहे, एवढाच याचा अर्थ.

येथवर शब्देतिहासाच्या बाजूची मर्यादा सांगितली; व्हिएन्नाच्या ठरावातून निघालेली नोंदणीची बाजूही निर्दोष नव्हती. ग्रियर्सन यांनी प्रत्येक बोलीचे तीन नमुने मागविले. पहिला, बायबलातील उधळ्या पुत्राच्या दृष्टान्ताचे त्या बोलीत भाषांतर. दुसरा, त्याच भागातील एखादी स्थानिक कथा अथवा निवेदन. आणि तिसरा, २४१ शब्द व वाक्ये यांची ठरलेली यादी. दृष्टान्ताची निवड व्याकरणाच्या सोयीने झाली होती. सर्वनामे, विभक्ती आणि क्रियापदांचे काळ त्यात आपसूक येतात. त्यात एतद्देशीयांच्या भावना दुखावू नयेत म्हणून थोडे शाब्दिक फेरफारही करण्यात आले. भाषांतराशी ज्याचा व्यवहार आहे त्याला येथे थबकल्यावाचून राहवत नाही. एखाद्या भाषेला प्रथम बोलते करायचे आणि तिला पहिले वाक्य द्यायचे ते परक्याचे! बाप, दोन मुलगे, वाटणी, दूरदेशी गेलेला धाकटा, परत आल्यावरची मेजवानी; ही चौकट प्रत्येक बोलीपुढे ठेवली की बोली त्या चौकटीपुरते बोलते. वाटणीची कल्पनाच ज्या समाजात निराळी आहे तेथे भाषांतर करणारा जवळपासच्या मोठ्या भाषेतला शब्द उसना घेणार. आणि तो उसना शब्द पुढे त्या बोलीचा नमुना म्हणून छापला जाणार. आपण भाषेचा नमुना पाहतो की भाषांतर करणाऱ्या कारकुनाची अडचण पाहतो, हे सर्वेक्षणाच्या कित्येक पानांवर सांगता येत नाही.

ग्रियर्सन यांना हे कळत नव्हते असे नाही. दुसरा नमुना मागवला तो त्यासाठीच. त्या दुसऱ्या नमुन्यांत, गावच्या तंट्यात, भुताखेतांच्या गोष्टींत, गाण्यांच्या तुकड्यांत, भाषा एकदम मोकळी होते. सर्वेक्षणाचे खरे धन तेथे आहे, आणि आजवरच्या अभ्यासकांनी दृष्टान्ताची तुलना करण्यात जितका वेळ घालविला त्याच्या निम्माही या कथांवर घालविलेला दिसत नाही. मद्रास इलाखा, हैदराबाद आणि म्हैसूर ही संस्थाने सर्वेक्षणाच्या कक्षेबाहेर राहिली, हा दोष नेहमी सांगितला जातो. तो मोठा आहेच. परंतु जेथे सर्वेक्षण पोचले तेथे ते भाषेला काय विचारत होते, हा प्रश्न त्याहून मूलगामी आहे.

विसाव्या शतकाच्या अखेरीस नोंदणीच्या बाजूला नवी जाग आली. १९९१ च्या जानेवारीत अमेरिकेच्या भाषाविज्ञान संस्थेच्या शिकागो येथील अधिवेशनात संकटग्रस्त भाषांवर परिसंवाद झाला, १९९२ साली क्वेबेक येथील आंतरराष्ट्रीय भाषाविज्ञान परिषदेत हाच विषय पुढे आला आणि त्याच वर्षी मायकेल क्राउस यांनी, येत्या शतकात जगातल्या नव्वद टक्के भाषा मृत्युपंथाला लागण्याची शक्यता आहे, असा इशारा दिला. १९९८ साली निकोलाउस हिमेलमान यांनी भाषेचे दस्तऐवजीकरण हे भाषावर्णनाहून वेगळे, स्वतंत्र शास्त्र आहे, असे प्रतिपादन केले. बोलणाऱ्यांची बोलणी, सर्व प्रकारची, मूळ स्वरूपात ध्वनिमुद्रित करून जपावी. व्याकरण व कोश ही त्यातून पुढे निघणारी फळे. उधळ्या पुत्राच्या दृष्टान्ताला हे योग्य उत्तर होते यात शंका नाही. अन्विता अब्बी यांनी अंदमानात केलेले काम याच जातीचे. २०१० च्या जानेवारीत बोआ या वृद्धेचे निधन झाले आणि तिच्याबरोबर बो ही भाषा मिटली. परंतु तिचा आवाज राहिला आणि २०१२ साली महाअंदमानी भाषेचा कोशही निघाला. त्याच २०१० साली गणेश देवी यांच्या पुढाकाराने बडोद्याला भाषकांचा जो मेळा भरला त्यातून लोकसर्वेक्षण उभे राहिले आणि ७८० भाषांची नोंद त्याने केली. लोकसर्वेक्षणाच्या खंडांचा दर्जा विषम आहे, काही नोंदी शब्दयादीपलीकडे जात नाहीत. पण भाषेविषयी भाषकानेच लिहावे हा त्याचा आग्रह ग्रियर्सनच्या कारकुनापेक्षा पुष्कळ पुढचा आहे. महाराष्ट्राचा खंड अरुण जाखडे यांच्या संपादनाखाली २०१३ साली मराठीतच निघाला, ही गोष्ट विशेष समाधानाची. सरकारी जनगणनेने याउलट आकड्यांची चाळणी लावली आहे. २०११ साली लोकांनी सांगितलेली मातृभाषांची १९,५६९ नावे आली आणि छाननीअंती १,३६९ मातृभाषा व १२१ भाषा उरल्या. दहा हजारांच्या आत भाषक असलेल्या मातृभाषांना १९७१ पासून स्वतंत्र नावाने जागा नाही.

असे असूनही नव्या दस्तऐवजीकरणाविषयी एक तक्रार शिल्लक राहते. तास न् तास ध्वनिमुद्रण जमा होते, संग्रहात जाते, आणि शब्दाचा शोध घेणाऱ्याला त्यात प्रवेश मिळत नाही, कारण शब्दांची अकारविल्हे यादी करणे हे काम आता खालच्या पायरीचे मानले जाते. परिषदांत तंत्र, नीती, निधी आणि संग्रहव्यवस्था यांवर निबंध येतात; अमुक शब्द शेजारच्या भाषेत कोणत्या वाटेने गेला, यावर क्वचितच. इकडे १९७९ साली डरॅम येथे सुरू झालेल्या इंग्रजीच्या ऐतिहासिक भाषाविज्ञानाच्या परिषदा, किंवा २००२ साली लेस्टर येथे सुरू झालेल्या ऐतिहासिक कोशविद्येच्या परिषदा, आपल्या परीने काटेकोर आहेत. पण तेथे इंग्रजीतर लहान भाषा येते ती बहुधा व्युत्पत्तीच्या चौकटी कंसात, एका नावापुरती. दोघेही आपापल्या खोलीत उत्तम काम करीत आहेत. मधली भिंत मात्र कोणी ठोकून पाहत नाही.

यावर एक आक्षेप येऊ शकतो आणि तो वजनदार आहे. लहान भाषेची नोंद इंग्रजीच्या किंवा मराठीच्या शब्दांचे मूळ कळावे म्हणून करायची काय? त्या भाषेला स्वतःचे मोल नाही काय? आक्षेप मान्यच केला पाहिजे. गूगू यिमिधिर ही भाषा कांगारूची व्युत्पत्ती सांगण्यासाठी जन्माला आलेली नाही. तिच्या भाषकांना उजवे-डावे यांऐवजी दिशांच्या आधाराने बोलण्याची सवय आहे, आणि मानवी विचाराविषयी त्यातून जे प्रश्न उभे राहतात त्यांचे मोल एका शब्दाच्या मुळाहून कितीतरी अधिक आहे. परंतु आक्षेपाची दुसरी बाजूही आहे. मोठ्या भाषेच्या कोशात लहान भाषेला साक्षीदार म्हणून उभे केले नाही, तर ती इतिहासाच्या बाहेरच राहते. आणि इतिहासाबाहेरच्या वस्तूविषयी लोकांना कणव वाटली तरी आदर वाटत नाही. कोलामीला बरो-एमेनो यांच्या कोशात तमिळच्या ओळीत जागा मिळते तेव्हा ती कणवेची वस्तू राहत नाही, प्रमाण होते. साहित्य अकादेमीने १९९६ पासून मान्यताप्राप्त भाषांखेरीज इतर भाषांतील कार्यासाठी भाषा सन्मान सुरू केला. त्यामागेही हाच आदर आहे. पण सन्मान व्यक्तीचा होतो, आणि शब्द तसेच विखुरलेले राहतात.

मराठीची स्वतःची स्थिती येथे तपासून पाहावी. आपल्यापाशी दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश आहे, कृ. पां. कुलकर्णी यांचा १९४६ सालचा व्युत्पत्तिकोश आहे, तुळपुळे आणि ॲन फेल्डहाउस यांचा प्राचीन मराठीचा १९९९ सालचा कोश आहे. घाटगे यांनी १९६३ पासून बोलींच्या पाहणीची पुस्तके काढली, ती आपल्या नोंदणीची सर्वांत शिस्तबद्ध उदाहरणे. परंतु मराठीच्या सर्व काळांचा, दाखले देणारा असा पूर्ण ऐतिहासिक कोश आजही नाही. आणि तो उद्या झाला तर तो ऑक्सफर्डच्या वाटेने जाईल की बरो-एमेनो यांच्या, हे आताच ठरविले पाहिजे. 'नांगर' हा शब्द घ्यावा. मराठीत तो आला संस्कृत 'लांगल'वरून. 'लांगल' ऋग्वेदात आहे. लेखी पुराव्याचा भक्त येथे समाधानाने चिठ्ठी मिटेल, कारण याहून जुने साल त्याला मिळणार नाही. परंतु प्रझिलुस्की आणि पुढे कायपर यांनी या शब्दाचे धागेदोरे खासी, ख्मेर इत्यादी ऑस्ट्रो-आशियाई भाषांपर्यंत नेले. कुणब्याच्या हातातले अवजार आणि त्याचे नाव, दोन्हींची चौकशी मग ऋग्वेदापाशी न थांबता त्या कुळातील मुंडा भाषांपर्यंत जाते. आणि मुंडा शाखेची एक भाषा, कोरकू, मेळघाटात बोलली जाते. मराठीच्या ऐतिहासिक कोशाच्या संपादकाला तिच्यावाचून चालणार नाही.

कोरकूच्या शेजारी, बुलढाणा जिल्ह्याच्या जळगाव जामोद भागात, निहाली आहे. दोनअडीच हजार लोकांची ही भाषा. ग्रियर्सन यांच्या सर्वेक्षणाच्या १९०६ सालच्या चौथ्या खंडात तिला मुंडा भाषांत घालण्यात आले आणि मिश्र ठरविण्यात आले. कायपर यांनी १९६२ साली तिच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. कोरकूतून आलेले, द्राविडी भाषांतून आलेले, मराठी-हिंदीतून आलेले असे सर्व शब्द बाजूला काढले तरी सुमारे चतुर्थांश शब्द उरतात आणि त्यांचे नाते जगातल्या कोणत्याही भाषेशी लागत नाही, असे त्यांना दिसले. दोन, तीन, चार हे अंक द्राविडी वळणाचे, 'इरार', 'मोथो', 'नालो'. पण 'एक'साठी 'बिदी', ज्याला कोठेच नातलग नाही. के. एस. नागराज यांचा निहालीवरील व्याकरण, संहिता आणि शब्दसंग्रह असा ग्रंथ म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थानाने २०१४ साली काढला, तेव्हा कुठे तिचे साहित्य एकत्र मिळाले. त्या उरलेल्या चतुर्थांशात, आर्य, द्राविड आणि मुंडा या तिन्हींच्या आधी या भूमीवर काय बोलले जात होते याची एखादी खूण असेलही. मराठीतले कित्येक देशी म्हणून सोडून दिलेले शब्द त्या यादीशी ताडून पाहण्याचे काम अद्याप कोणी सलगपणे केलेले दिसत नाही.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १९४८ साली सुमित्र मंगेश कत्रे यांनी ऐतिहासिक तत्त्वांवरील संस्कृत महाकोश आरंभिला. सुमारे दीड हजार ग्रंथांतून काढलेल्या एक कोटीच्या आसपास चिठ्ठ्या तेथे कप्प्यांत लावून ठेवलेल्या आहेत. पहिला भाग १९७६ साली निघाला आणि प्रसिद्ध झालेले खंड सर्व अकारातच आहेत. याच आवारात १९५४ पासून रॉकफेलर प्रतिष्ठानच्या साहाय्याने भाषाविज्ञानाचे वर्ग भरले, त्यांतून देशभर भाषानोंदणी करणारी एक पिढी तयार झाली, आणि निहालीचे काम करणारे अभ्यासकही पुढे येथूनच गेले. म्हणजे ट्रेंच यांच्या समितीचा वारसा आणि व्हिएन्नाच्या ठरावाचा वारसा पुण्यात एकाच कुंपणाच्या आत नांदत आहेत. संस्कृत कोशाचे काम लकारापर्यंत पोचेल तेव्हा 'लांगल'ची चिठ्ठी तेथे असेलच. तिच्या मागच्या बाजूला लिहिण्यासारखे जे आहे ते मात्र त्याच आवारातल्या दुसऱ्या इमारतीतून मागवावे लागेल.